शून्य धरून भागा

एका वर्गातली सर्वांत जास्त गैरहजर राहणारी मुलगी वर्गातून काढून टाकली, तर तो वर्ग सुधारतो का?

उत्तर द्यायची घाई करू नका. गणिताला विचाराल तर गणित हो म्हणतं. हजेरीची सरासरी वर जाते, आलेखातले खड्डे बुजतात, तपासणीला आलेले साहेब समाधानाने मान हलवतात. ज्या वर्गात मी हे घडताना पाहिलं, त्या वर्गाला आलेख आणि सरासरी मीच शिकवत होते. ती मुलगीही तिथेच बसून शिकत होती, दुसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या बाजूला.

मी मुलुंडचीच. आमच्या घरी वर्तमानपत्र कधी चालू असायचं, कधी बंद. पत्रकांना मात्र खंड नव्हता. आजोबा गिरणीतले. गिरणी गेल्यावर बाबा एका छापखान्यात लागले. तिथे भाडेवाढीविरुद्धची, शाळा बंद करण्याविरुद्धची, मोर्च्याची, सभेची अशी जी पत्रकं छापली जात, त्यांतली शाई फिसकटलेली ते घरी आणत, कारण त्यांची पाठ कोरी असे. त्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले आणि कागद उलटून पुढची बाजू वाचली. असं माझं शिक्षण झालं. बाबा म्हणत, पत्रकाच्या शेवटी लोकांनी नेमकं काय करायचं ते लिहिलेलं नसेल, तर ते पत्रक नाही, रडगाणं आहे. मी जे सांगते आहे ते रडगाणं होऊ नये एवढी काळजी घेणार आहे.

शाळा पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी होती. मराठी माध्यमाची, अनुदानावर चालणारी, सकाळच्या सत्राची. आजूबाजूच्या टॉवरमधली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून लांबच्या इंग्रजी शाळांत जात. आमच्याकडे येत ती डोंगरावरच्या वस्तीतली. दर वर्षी पट थोडा घसरायचा आणि दर वर्षी तीच बातमी यायची की ही शाळा मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत विलीन होणार. त्या वर्षी बातमी नुसती बातमी राहिली नाही. हजेरी तपासायला खात्याचे साहेब येणार आणि सरासरी हजेरी बघून शाळेचं काय करायचं ते ठरवणार, असं पत्रच आलं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे. त्यांनी स्टाफरूममध्ये ते पत्र मोठ्याने वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. 

माझ्याकडे पाचवी होती. सरासरी खरं तर पुढच्या इयत्तांचा धडा, पण चित्रालेख आणि स्तंभालेख शिकवून झाल्यावर मला थांबवेना. पेपरात, भाषणात, टीव्हीवर जिकडेतिकडे सरासरी फेकली जाते. ती झेलायला मुलं लवकर शिकलेली बरी, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

मी बाटल्यांची बुचं गोळा केली होती. एक बूच म्हणजे एक हंडा. मुलांनाच विचारलं, आज सकाळी तुमच्या चाळीत कोणी किती हंडे पाणी भरलं? डोंगराच्या पायथ्यापासून वरपर्यंतची सहा घरं त्यांनी निवडली. सर्वांत खालच्या घरात आठ, त्याच्या वरच्या दोन घरांत सहा-सहा, मग चार, आणि अगदी वरच्या दोन घरांत काही नाही. वरच्या लाइनला पाणी एक दिवस आड चढतं. तो आडचा, बिनपाण्याचा दिवस होता.

"आता सगळे ढीग सारखे करा," मी म्हटलं. "जास्तीतलं उचला, कमीत टाका. सारखे झाले की एका ढिगात जेवढी बुचं, ती सरासरी."

पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा सगळ्यांच्या आधी ओरडला. "सहा! बाई, सहा! प्रत्येकी सहा हंडे!"

त्याच्यासमोर चार ढीग होते. चारही सहा-सहाचे.

"घरं किती घेतलीस?"

"सहा."

"मग ढीग चार कसे?"

"वरच्या दोघांकडे पाणी आलंच नाही ना, बाई. त्यांचं काय सारखं करणार? रिकामी जागा सारखी करू?"

वर्ग हसला. दुसऱ्या बाकावरून ती उठली. ती त्या सर्वांत वरच्या घरातली.

"आम्ही काय मेलोय काय रे?"

"मेली नाहीस गं. पण तुझ्याकडे हंडा नाही तर तुला मोजणार कशी?"

"हंडा आहे. पाणी नाही."

ती बाकामागून बाहेर आली, त्याच्या प्रत्येक ढिगातून दोन-दोन बुचं उचलली आणि शेजारी दोन नवे ढीग रचले. सहा ढीग, चार-चारचे. "हे बघ. चार. आता डोळे उघड."

त्या पोराने सहाही ढीग बोटाने मोजले. मग त्याने अगदी सरळपणे विचारलं, "पण असं खरोखर कोण देतं?"

 मी फळ्यावर लिहिलं: शून्य धरून भागा. मुलांना ते नियमासारखं आवडलं. कोणाचं गणित चुकलं की बाकीचे एका सुरात ओरडायचे, "शून्य धरलंस का?" खेळायच्या तासाला संघ पाडताना कोणी सुटलं तरी तेच.

मग आम्ही आमच्याच हजेरीचा आलेख काढायला घेतला. मोठा कार्डशीट, खाली तारखा, बाजूला संख्या, मुलांचा खांब निळा, मुलींचा लाल. रोज प्रार्थनेनंतर दोघांनी मोजायचं आणि रंगवायचं. आठ-दहा दिवसांत कागदावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. निळे खांब जवळपास एका उंचीचे. लाल खांब मात्र एक उंच, एक बुटका, एक उंच, एक बुटका.

"फणीसारखं दिसतंय," कोणीतरी म्हणालं.

"पण इथे दोन बुटके शेजारी शेजारी आलेत," मी बोट ठेवून विचारलं. "असं का?"

मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या. बाईंना एवढंही कळत नाही, असा तो चेहरा होता.

"बाई, ते शनिवार-सोमवार आहेत. मध्ये रविवार आला. रविवार आडचा होता."

मुलं रंगवत बसली तेव्हाच त्यांना ते दिसलं होतं. मला सांगायचं राहून गेलं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटत होतं. चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा पालिकेचा माणूस, खालची चावी बंद करतो तेव्हा कुठे वरच्या लाइनला पाणी चढतं. पूर्वी तो पहाटे यायचा. डोंगराच्या पायथ्याला नवा टॉवर उभा राहिला, त्याच्या टाक्या आधी भरायला लागल्या, आणि वरच्या लाइनची वेळ सरकत सरकत साडेसात-आठवर आली. आमची शाळा सातला भरते. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी वरच्या रांगेतल्या मुली नळावर. मुलगे शाळेत. त्यामुळे निळे खांब सपाट.

बाकीच्या मुलींच्या घरी आजी असायची, एखादी शेजारीण असायची, अधूनमधून सुटका व्हायची. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीच्या घरी कोणीच नव्हतं. प्रत्येक बुटक्या खांबात तिचं नसणं होतं. वर्गात तिच्याइतकं गणित कोणालाच येत नव्हतं आणि तिच्याइतकी गैरहजेरीही कोणाची नव्हती.

मला तो आलेख म्हणजे पत्रक वाटला. कोणालाही वाचता येईल असं, घोषणा नसलेलं पत्रक. मी तो व्हरांड्यात लावला आणि त्याची मुलांकडूनच एक छोटी प्रत काढून घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेले. टेबलापलीकडचे साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, आलेख उलटसुलट करून बघितला.

"छान काढलाय हो मुलांनी," ते म्हणाले. "पण मॅडम, त्या वस्तीला पाणी कमी नाहीये. एकूण पाणी भागिले एकूण माणसं, सरासरी एकदम व्यवस्थित येते."

"वरच्या रांगेचा वेगळा खांब काढून बघा ना."

"आम्ही वस्तीचा आकडा ठेवतो. रांगेचा कोण ठेवणार?"

"मग वेळ तरी बदला. शाळा सुटल्यावर सोडा. नाहीतर पूर्वीसारखं पहाटे."

"पहाटे सोडलं तर टॉवरच्या टाक्या भरत नाहीत. त्यांच्या तक्रारी येतात लगेच, लेखी. त्या लगेच वाचाव्या लागतात." त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवला. "या डोंगरावरून लेखी तक्रार कधी आलेली नाही."

मी तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. त्यावर शिक्का मारून घेतला. त्या अर्जाचं पुढे काही झालं असेल तर मला कळलेलं नाही.

इकडे व्हरांड्यात मोठ्या बाई आलेखासमोर बराच वेळ उभ्या असलेल्या मी एकदा पाहिल्या. मला बरं वाटलं. त्या गणिताच्याच. त्यांनी आलेख माझ्याइतकाच नीट वाचला, फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. मधल्या सुट्टीत मला बोलावून म्हणाल्या, "दार लोटून घे. तुझ्या त्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीची आई येऊन गेली सकाळी. मी बोलावलं होतं."

"पाण्याचं सांगायला?"

"दाखला न्या म्हणून सांगायला. गावी मामाकडे शाळा आहे, तिकडे घाला म्हटलं. रोज जाईल तरी."

मी म्हटलं, "नाव असं काढता येत नाही, बाई. कायदा आहे."

"कायदा मलाही येतो. आपण नाव कापू शकत नाही. पालकांनी स्वतः दाखला मागितला तर अडवूही शकत नाही."

"त्यांनी कुठे मागितलाय? तुम्ही मागायला लावताय."

"अगं, आवाज खाली कर." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला काय वाटतं, मी राक्षसीण आहे? साहेब काय बघणार? सरासरी. तुझ्या फण्या-बिण्या बघायला त्यांना वेळ नाही. सरासरी खाली गेली की शाळा रस्त्यापलीकडे. तो रस्ता पहिलीची पोरं ओलांडणार? डंपर बघितलेस ना तिथले? एका मुलीसाठी बाकीच्या सगळ्यांना त्या रस्त्यावर ढकलू?"

"सरासरी वाढवायची तर पाण्याची वेळ बदलून वाढवा. मुलगी वजा करून कसली वाढवता?"

"पाण्याची वेळ बदलणं माझ्या हातात आहे?"

"दाखला न देणं तर आहे!"

"तुझ्या तोंडी ना, पत्रकाची भाषा बसलीय," त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पत्रक वाटून माणूस घरी जातो. मला उद्या सकाळी परत या शाळेचं कुलूप उघडायचं असतं."

यावर मी जे बोलले ते बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. मी म्हटलं, हे कुलूप तुम्ही ज्यांच्यासाठी उघडता त्यांतलीच एक तुम्ही बाहेर काढताय, आणि त्याला शाळा वाचवणं म्हणताय. त्यांनी चष्मा घातला आणि पुढ्यातले कागद चाळायला घेतले.

रविवारी दुपारी मी डोंगर चढले. वाट म्हणजे पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेने पाण्याचे काळे पाइप, प्रत्येक घराचा वेगळा. वर जावं तसे पाइप कमी होत गेले. सर्वांत वरच्या घरासमोर एकच होता. घर झाडलेलं, ड्रमवर झाकण, झाकणावर पालथा तांब्या. मुलगी धाकट्या बहिणीची वेणी घालत होती. मला बघून तिने बहिणीला सोडलं आणि उभी राहिली.

तिची आई कोकणातली. टॉवरमध्ये दोन घरचं काम करते. तिने मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्याजवळ टेकली.

"तुमी दाखल्याचा सांगूक इलात ना? मोठ्या बाई बोलल्यात माका."

"नेऊ नका, हे सांगायला आले. त्या जबरदस्ती करू शकत नाहीत. तिचं नाव राहू दे. जेवढे दिवस येते तेवढे दिवस येऊ दे."

"माका कळता हो, बाई. पण पाणी कोण भरतला?" ती शांतपणे बोलत होती, जणू मीच काही समजून घ्यायची होती. "हिच्या पप्पांची वॉचमनची नाइट. रिलीव्हर येऊन ते सुटेपर्यंत पाणी गेलेला असता. माझ्या मॅडम आठाक घरातून निघतत. त्याच्या आदी भांडी, चपात्यो, डबो. मी सातला तिकडे नाय पोचले तर त्यांचा सगळा खोळंबता."

"मॅडमना सांगून बघू? पाण्याच्या दिवशी एक तास उशिरा. मी बोलते त्यांच्याशी."

"नको गे बाय!" ती एकदम उठली. "तुमी काय बोलू नकात. त्यांका दुसरी बाई मिळाक उशीर नाय लागणा."

"आणि मोठा मुलगा? दहावीला आहे ना तो? त्याने भरावं की एखाद्या दिवशी. त्याची शाळा दुपारची."

ती हसली. वाईट हसली नाही, पण हसली. "झिलाचा धावीचा वर्ष, बाई. रात्री जागून वाचता. त्याका उठवू पाण्याक?"

मुलगा आतल्या बाजूला झोपला होता. त्याचे पाय पडद्याखालून दिसत होते. मला त्या पायांचा राग आला. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे पाय, त्यांनी कोणाचं काय वाईट केलं होतं? त्यांना उठवायचं असतं हेच या घरात कोणाला सुचलेलं नव्हतं, आणि सुचवलं तर विनोद होत होता.

मुलगी इतका वेळ उभीच होती. ती माझ्या खुर्चीजवळ आली आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, मी गेले की सरासरी किती होईल?"

"असलं काय विचारतेस?"

"वाढेल ना पण? माझे दिवस सगळ्यांत कमी भरतात. सगळ्यांत लहान ढीग काढला की वाढतेच. मी वर्गात करून बघितलं, बुचांवर."

"शून्य धरून भागा," मी म्हटलं.

"दाखला नेल्यावर शून्य कसं धरणार? मग मी नसणारच ना त्यात."

अकराव्या वर्षी तिला ते कळलं होतं. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. गणित बरोबर सुटल्यावर जो आवाज लागतो तो आवाज होता.

मी आईला परत परत सांगितलं, सह्या करू नका. तिने मान हलवली. पण मोठ्या बाईंनी पुन्हा निरोप पाठवला, गावच्या मामाचा फोन आला, तिला पाठवून दे म्हणून, आणि ज्या मॅडमकडे ती कामाला जाई त्यांनी त्याच आठवड्यात उशिरावरून दोन शब्द ऐकवले. एका सकाळी आई शाळेत आली आणि दाखल्यासाठी अर्ज लिहून दिला. तो पाण्याचा दिवस नव्हता. मुलगी वर्गात होती. तिला बोलवायला शिपाई आला तेव्हा ती फळ्यावर भागाकार करत होती. तो तिने पूर्ण केला, हातातला खडू खोक्यात ठेवला, दप्तर उचललं. गिरणीवाल्याचा मुलगा म्हणाला, "ए, परत कधी?" ती म्हणाली, "तुला डोळे फुटतील तेव्हा." मुलं हसली. ती गेली.

मी संस्थेला लेखी तक्रार केली. माझ्याशी बोलणारे अर्धे शिक्षक त्यानंतर बोलेनासे झाले. उत्तर आलं ते असं: पालकांनी स्वेच्छेने दाखला नेलेला आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी व्हरांड्यातला फणीचा आलेख उतरवला गेला. त्याच्या जागी मोठ्या बाईंनी प्रत्येक वर्गाच्या प्रत्येक रांगेचा नवा आलेख करून घेतला: आठवड्यात कोण किती दिवस आलं. सुबक, रंगीत, कडेला नक्षी.

साहेब माझ्या वर्गात आले. खिडकीकडच्या रांगेतल्या मुलींच्या आलेखासमोर थांबले. चार खांब होते: सहा, पाच, पाच, चार. ती जिथे बसायची त्याच बाकावरच्या मैत्रिणीला त्यांनी उभं केलं. ही मुलगी फार बोलणारी नव्हती.

"सांग बाळ, तुमच्या रांगेची सरासरी हजेरी किती?"

तिने मनात बेरीज केली. "वीस भागिले पाच. चार, सर."

"खांब किती आहेत? मोज बघू."

"चार."

"मग भागायचं कितीने?"

"पाचने."

साहेब हसले. मोठ्या बाई पुढे झाल्या. "घाबरलीय, सर. येतं तिला. अगं, चार खांब आहेत ना? मग चारने भाग."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, हो म्हणून. तुझं बरोबर आहे म्हणून.

"एकीचं शून्य आहे ना, सर," ती म्हणाली. "ती आली नाही. तिचं शून्य धरायचं."

"कोण एकीचं?" साहेबांनी हजेरीपट उघडला. "इथे तर चारच नावं आहेत."

"ती आहे, सर," मागून गिरणीवाल्याचा मुलगा म्हणाला. तोच, ज्याने रिकामी जागा सारखी कशी करणार असं विचारलं होतं. "गावी आहे. पण आहे."

मी म्हटलं, "सर, मुलांचं बरोबर आहे. ती मुलगी या वर्गातली आहे. तिला दाखला कसा दिला गेला ते मी तुम्हाला सांगते." मोठ्या बाईंनी माझं नाव घेऊन हाक मारली, फक्त नाव, आणि साहेबांना पुढच्या वर्गाकडे नेलं. साहेबांनी जाता जाता घड्याळ बघितलं. शाळेच्या शेरेपुस्तकात त्यांनी जे लिहिलं ते मोठ्या बाईंनी नंतर वाचून दाखवलं: हजेरी समाधानकारक. पाचवीत सरासरी या संकल्पनेचा पाया कच्चा आहे, लक्ष द्यावे.

शाळा राहिली. विलीनीकरण त्या वर्षापुरतं टळलं. मोठ्या बाईंनी पेढे आणले आणि डबा सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर धरला, हे मी नमूद करते, कारण ते खरं आहे. मी पेढा घेतला नाही.

आणि ती मुलगी? मामाच्या गावी गेली तेव्हा वर्ष अर्ध्यावर आलं होतं. जूनमध्ये बघू, असं तिथल्या शाळेने सांगितलं म्हणे. तोवर मामीच्या लहान बाळाला सांभाळते. जून आला आणि गेला. मी तिच्या आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जाता अधूनमधून." याच्या पलीकडे मला काही माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही.

डोंगरावर पाणी अजून त्याच वेळेला चढतं. परवा दुसरीच्या बाई स्टाफरूममध्ये कुरकुरत होत्या की त्यांच्याकडची एक चिमुरडी एक दिवस आड दांडी मारते, काय करावं कळत नाही. मी नाव विचारलं. ती माझ्या त्या मुलीची धाकटी बहीण होती. जिची वेणी अर्धी राहिली होती, ती. सात वर्षांची आहे. भरलेला हंडा तिला उचलत नाही, म्हणून आईने लहान कळश्या घेतल्या आहेत.

आता तुमच्याकडे येते. शाळा, खातं, पाण्याचं ऑफिस यांच्याशी भांडायचं काम माझं आहे आणि ते मी करते आहे. पण तो एक तास, सकाळचा, या सगळ्यांच्या हातात कधीच नव्हता. तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे. उद्या सकाळी तुमच्याकडे ज्या बाई कामाला येतील, त्यांना विचारा: तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, आणि ते भरायला कोण थांबतं? 'मुलगी' असं उत्तर आलं, तर पाण्याच्या दिवशी त्यांना एक तास उशिरा यायला सांगा. हे तुम्ही स्वतःहून म्हणा, त्या मागणार नाहीत. त्या दिवशी तुमची भांडी थोडा वेळ पडून राहतील आणि डबा तुम्हाला भरावा लागेल. भरा. आणि मग पाण्याची वेळ बदलावी म्हणून एक अर्ज लिहा, तुमच्या सोसायटीच्या पत्त्यावरून, तुमच्या सहीने. लेखी तक्रार टॉवरमधून आली की लगेच वाचली जाते, असं त्या ऑफिसातल्या साहेबांनी मला स्वतः सांगितलं आहे.